पिस्को सावरवरचा बोटभर फेस

पेरू देशाच्या लाडक्या कॉकटेलमध्ये कच्च्या अंड्याचा पांढरा भाग घालतात असं सांगितलं, की आपल्याकडे बहुतेक जण नाक मुरडतात. पण पिस्को सावरचा ग्लास समोर आला की नजर जाते ती त्याच अंड्याच्या करामतीवर. खाली फिकट, धुरकट पेय, वर बोटभर जाडीचा पांढराशुभ्र फेस, आणि त्या फेसावर तपकिरी रंगाचे तीन थेंब, न पसरता, न बुडता बसलेले. सोड्याचा फेस डोळ्यांदेखत विरतो. हा फेस ग्लास संपत आला तरी तग धरून असतो. तो का टिकतो हे समजून घेणं मला त्या पेयाच्या चवीइतकंच आनंदाचं वाटतं.

या पेयाचा पेरूत राष्ट्रीय दिवस आहे. २००३ पासून तो साजरा होतो, फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी. आपल्याकडे थंडी ओसरत असते तेव्हा पेरूच्या राजधानीत, लिमामध्ये, ऐन उन्हाळा असतो. २००७ मध्ये पेरूने पिस्को सावरला सांस्कृतिक वारशाचा दर्जाही दिला.

यातली पिस्को म्हणजे द्राक्षाची दारू. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी द्राक्षवेल पेरूच्या किनाऱ्यावर नेली. तो किनारा जवळजवळ वाळवंटच, पण अँडीजवरून उतरणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत वेल रुजली. पिस्को हे तिथल्या एका बंदराचं नाव, आणि केचुआ या अँडीजमधल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ पक्षी. पेरूचे नियम कडक आहेत. ठरलेल्या आठच जातींची द्राक्षं, रस आंबवून एकदाच ऊर्ध्वपातन, आणि नंतर पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मद्यार्क ३८ ते ४८ टक्क्यांच्या दरम्यान राहायला हवा, आणि तोही भट्टीतूनच तसा उतरायला हवा. नंतर किमान तीन महिने दारू मुरू द्यायची, पण लाकडी पिंपात नाही. म्हणून ती पाण्यासारखी नितळ असते आणि द्राक्षाचा वास तिच्यात शाबूत राहतो.

कोकण-गोव्याच्या वाचकाला हे ऐकताना फेणी आठवेल, आणि ते साम्य वरवरचं नाही. द्राक्ष पेरूत परकं, काजू गोव्यात परका, दोन्ही समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी आणलेले. दोन्हीकडे स्थानिकांनी परक्या फळातून आपली दारू घडवली आणि पुढे तिला भौगोलिक ओळखीचं कायदेशीर कवच मिळालं. फेणी हा शब्द ‘फेन’ म्हणजे फेस यावरून आला असं मानतात, कारण चांगली फेणी हलवली की तिच्यावर बुडबुडे धरतात. पण नुसत्या दारूचे बुडबुडे घटकाभराचे. पिस्को सावरचा फेस टिकतो, कारण तिथे प्रथिनं कामाला लागलेली असतात.

व्हिक्टर मॉरिस हा अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचा माणूस १९०३ मध्ये रेल्वे कंपनीच्या कामासाठी पेरूत आला आणि १९१६ मध्ये त्याने लिमात स्वतःचा बार उघडला. व्हिस्की सावर, म्हणजे व्हिस्की, लिंबूवर्गीय फळाचा रस आणि साखर, हे पेय त्याच्या ओळखीचं होतं. व्हिस्कीच्या जागी त्याने पिस्को घातली. अंड्याचा पांढरा भाग आणि वरचे कडवट थेंब यांचं श्रेय १९२० च्या दशकात त्याच बारमध्ये काम करणाऱ्या मारिओ ब्रुइगेट या पेरूच्या माणसाला दिलं जातं. शेजारचा चिली मात्र पिस्को आणि पिस्को सावर दोन्हींवर हक्क सांगतो. चिलीच्या पद्धतीत अंडं आणि कडवट थेंब सहसा नसतात. हा नावाचा झगडा थेट भारतापर्यंत आला. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नुसत्या ‘पिस्को’ या नावावर पेरूला एकहाती हक्क द्यायला नकार दिला आणि ‘पेरूव्हियन पिस्को’ हे नाव कायम ठेवलं. मला विचाराल तर पेय कोणाचं हा वाद त्या दोन देशांनी खुशाल घालावा, फेस मात्र निःसंशय पेरूचा.

आता तो फेस. अंड्याच्या पांढऱ्या भागात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. यातलं निम्म्याहून अधिक प्रथिन एकट्या ओव्हाल्ब्युमिनचं. प्रथिनाचा रेणू म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी, गुंडाळी करून बसलेली. साखळीतल्या काही कड्यांना पाणी आवडतं, काहींना आवडत नाही. गुंडाळी अशी असते की पाण्याशी पटणाऱ्या कड्या बहुतेक बाहेर आणि न पटणाऱ्या आत दडलेल्या. शेकर जोरजोरात हलवला की द्रवात हवा घुसते आणि बुडबुड्यांचे असंख्य पृष्ठभाग तयार होतात. तिथे पोहोचलेल्या रेणूची गुंडाळी सैल होते. पाण्याशी न पटणाऱ्या कड्या हवेकडे तोंड करतात, उरलेल्या पाण्यातच राहतात. साबणाचा किंवा रिठ्याचा रेणूही हवा आणि पाणी यांच्या सीमेवर असाच बसतो. प्रथिनं मात्र तिथे बसून एकमेकांचे हात धरतात. प्रत्येक बुडबुड्याभोवती त्यांचं एक लवचीक जाळं विणलं जातं, आणि पिस्को सावरचा फेस साबणाच्या फेसाहून घट्ट होतो तो या विणीमुळे.

लिंबाचं काम केवळ आंबटपणाचं नाही. ताजं अंडं किंचित अल्कधर्मी असतं, आणि त्या स्थितीत ओव्हाल्ब्युमिनच्या रेणूंवर ऋण प्रभार असतो. सारख्या प्रभाराचे रेणू एकमेकांना दूर लोटतात. आम्ल घातलं की हा प्रभार उतरू लागतो आणि सामू (आम्लता मोजायचा pH) ४.५ च्या सुमारास जवळजवळ शून्यावर येतो. रेणू दाटीने बसायला तयार होतात ते तेव्हा. लिंबाचा रस याच्याही बराच खाली, दोन-अडीच सामूचा असल्यामुळे पेय त्या बिंदूच्या पलीकडे जातं, पण आम्लाने सैल झालेली गुंडाळी फेसाच्या कामी येतेच. साखरेच्या पाकाने द्रव दाट होतो आणि बुडबुड्यांमधलं पाणी सावकाश निथळतं. फेस मरतो तो बहुधा या निथळण्यानेच, कारण भिंती पातळ होत होत फुटतात. शिवाय लहान बुडबुड्यात दाब जास्त असतो, त्यातली हवा शेजारच्या मोठ्या बुडबुड्यात झिरपते आणि मोठे आणखी मोठे होत जातात. सुरुवातीला सायीसारखा दिसणारा फेस नंतर जाळीदार होतो तो यामुळे. अंडं फोडताना पिवळ्या बलकाचा थेंब आत पडला तर सगळंच बिघडतं. त्यातली चरबी प्रथिनांच्या जागा बळकावते आणि जाळं विणलंच जात नाही.

दारू इथे दोन्हीकडून खेळते. मद्यार्क प्रथिनांची गुंडाळी सोडवायला मदत करतो, पण जास्त झाला तर प्रथिनं गोळा होऊन गुठळ्या बनतात. तीन भाग पिस्को, एक भाग लिंबू, एक भाग पाक आणि एक पांढरा भाग, हे तिथलं रूढ प्रमाण. हिशेब केला तर बर्फ पडण्याआधी मिश्रणात मद्यार्क पाचव्या हिश्शाच्या आसपास येतो. अनेक जण आधी बर्फाशिवाय हलवतात आणि मग बर्फ घालतात. कोमट द्रवात प्रथिनं सहज उलगडतात. पेरूमध्ये कित्येक घरांत सरळ मिक्सरच लावतात.

बर्फ घातल्यावर पेय शून्य अंशाच्याही खाली जातं. जुन्या पॉट आईस्क्रीमचं हँडल फिरवलेल्यांना हे लगेच उमगेल. तिथे बर्फात खडे मीठ घालायचो, ते बर्फाचा वितळणबिंदू खाली खेचायचं. इथे मिठाचं काम मद्यार्क करतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ जूल उष्णता ओढून घेतो, म्हणजे तेवढ्यात सुमारे ८० ग्रॅम पाणी एक अंशाने थंड होतं.

वरचे तीन थेंब आहेत अँगोस्तुरा बिटर्सचे. १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्तुरा गावी योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरने हा कडू अर्क तयार केला, पोटाच्या तक्रारींवरचं औषध म्हणून. आता तो त्रिनिदादमध्ये बनतो. पिस्को सावरमध्ये तो शोभेला नाही. कच्च्या अंड्याला जरा वेळाने दमट वास येऊ लागतो, आणि ग्लास ओठाला लागण्याआधी नाक फेसाजवळ पोहोचतं. थेंब तिथेच असल्यामुळे पहिला वास मसाल्याचा येतो.

लिंबू आणि दारूने अंडं ‘शिजतं’ आणि निर्धोक होतं, असा समज सगळीकडे आहे. तो खरा नाही. पेरूची सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, पांढरी पडते तीही प्रथिनं उलगडल्यामुळे, जंतू मेल्यामुळे नाही. कच्च्या अंड्यात असू शकणारा साल्मोनेला हा जंतू ग्लासातल्या काही मिनिटांत मरेल याची खात्री देता येत नाही. लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं यांनी कच्च्या अंड्यापासून लांबच राहावं. पाश्चरीकरण केलेला पांढरा भाग वापरला तर हा धोका जवळजवळ उरत नाही.

आणि ते लिंबू! पेरूतलं ‘लिमोन सुतिल’ म्हणजे आपलं कागदी लिंबू, तीच जात. स्पॅनिशमध्ये सुतिल म्हणजे तलम, नाजूक. आपण कागदी म्हणतो. जनुकांच्या अभ्यासातून या लिंबाचे आईबाप कळले आहेत. एक फिलिपिन्सकडचं रानटी लिंबूवर्गीय झाड, दुसरं आपलं महाळुंग. आशियातलं हे फळ अरबांच्या हातून भूमध्य समुद्राकडे आणि स्पॅनिश जहाजांतून अमेरिकेत पोहोचलं. श्रीगोंद्याच्या बागेतलं लिंबू लिमाच्या बारमध्ये गेलं तर बारवाल्याला फरक कळणार नाही.

फेसासाठी अंडंच लागतं असंही नाही. २०१४ च्या सुमारास फ्रान्समध्ये लोकांच्या लक्षात आलं, की डब्यातल्या कडधान्याचं उरलेलं पाणी घुसळलं की अंड्यासारखा फेस येतो. शिजताना कडधान्यातली प्रथिनं, थोडा स्टार्च आणि रिठ्यात असतात तशी सॅपोनिनं पाण्यात उतरतात. आता जगभरचे शाकाहारी बार पिस्को सावरसाठी छोल्यांचं पाणी वापरतात. आपल्या घरात या पाण्याच्या भावंडाला जुनं नाव आहे, कट. होळीला पुरणाची डाळ शिजवली की आमटीत टाकण्याआधी अर्धी वाटी कट बाजूला काढा. तो दाट नसेल तर थोडा आटवून गार करा, बरणीत कागदी लिंबू आणि साखरेच्या पाकाबरोबर घाला, झाकण घट्ट लावा आणि हात दुखेपर्यंत हलवा. दारूचा थेंब नसला तरी चालेल. झाकण उघडलं की वर फेस दिसेल.