नाशिक परिसरातील पायवाटा आणि सायकलमार्ग

नाशिक शहरापासून पश्चिमेला त्र्यंबकेश्वर–अंजनेरीच्या डोंगररांगेपर्यंत, उत्तरेला दिंडोरी–वणीकडे आणि पूर्वेला निफाडच्या सपाट गोदाखोऱ्यात जाणारे, चालण्यासाठी व सायकलीसाठी वापरात असलेले मार्ग. शहरातला गोदापार्क सोडला तर यांतले बहुतेक मार्ग सहलीसाठी म्हणून कोणी आखलेले नाहीत. काही यात्रेकरूंनी पाडले, काही गुराख्यांनी, काही धरणाच्या कामामुळे झाले, तर काही द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या गाड्यांसाठी डांबरी झाले. वळणावळणाचा, वस्तीतून आणि शिवारातून जाणारा त्यांचा स्वभाव त्यातूनच आला आहे.

वाटसरूंच्या सोयीचा या भागातला फार जुना लेखी पुरावा पांडवलेणीतच आहे. त्रिरश्मी डोंगरातल्या 24 लेण्यांपैकी दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात घराण्यातला क्षत्रप (शक राजा) नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने मुक्कामाच्या जागा बांधल्याची आणि अनेक नद्यांवर फुकट नावा ठेवल्याची नोंद त्यात आहे. शूर्पारक म्हणजे कोकण किनाऱ्यावरचे सोपारा बंदर. गोवर्धन हे गाव आजही गंगापूर रस्त्यावर आहे. बंदरातला माल घाट चढून इथे येई आणि पुढे देशावर जाई. आज लेण्यांच्या पायऱ्या रोज पहाटे चढणारे नाशिककर बहुतेक व्यायामासाठी येतात, पण वर जाऊन हा लेख न पाहता उतरू नये.

पश्चिमेकडे जाताना देखावा फार लवकर बदलतो. नाशिक शहरात वर्षाला सुमारे 700 मिमी पाऊस पडतो, तर जेमतेम 45 किमीवरच्या इगतपुरीत 3000 मिमीहून अधिक. सायकलवर दोन-अडीच तासांत माणूस द्राक्षबागांतून भातखाचरांत पोहोचतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येत असल्यामुळे जाताना तोंडावर वारा आणि चढ, येताना पाठीवर वारा आणि उतार असा सारा हिशेब असतो. नवख्याने म्हणूनच पहिला पल्ला पश्चिमेचा घ्यावा. दमल्यावर परतीची वाट सोपी होते.

या परिसरातली सर्वांत महत्त्वाची पायवाट म्हणजे त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी. त्र्यंबकेश्वरातल्या कुशावर्त कुंडावर स्नान करून निघायचे, प्रयागतीर्थ, पहिणे अशी ठिकाणे घेत डोंगराला उजवी घालून सापगावच्या बाजूने पुन्हा त्र्यंबकेश्वरी यायचे, ही लहान फेरी सुमारे 20 किमीची. हरिहर किल्ल्याला वळसा घालणारी मोठी फेरी साधारण 40 किमीची. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो माणसे ही वाट चालतात. रविवारी रात्रीच नाशिकहून एसटीच्या जादा गाड्या भरून जातात, आणि उजाडेपर्यंत अर्धी वाट संपलेली असते. कित्येक जण अनवाणी असतात. निवृत्तिनाथांच्या कथेतही ही फेरी आहे: विठ्ठलपंत मुलांसह प्रदक्षिणा करत असता वाघ आडवा आला, पळापळीत निवृत्ती एका गुहेत शिरला आणि तिथे त्याला गहिनीनाथांचा अनुग्रह मिळाला, अशी परंपरा सांगते. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरातच असून पौष वद्य एकादशीच्या यात्रेला दिंड्या पायीच येतात.

फेरीची खरी गोडी मात्र गर्दी ओसरल्यावर, एखाद्या साध्या वारी कळते. खाचरांच्या बांधावरून चालताना एकीकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, चाललेली असते: बायामाणसे इरली नाहीतर प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर घेऊन वाकलेली, राबातून (रोपांच्या वाफ्यातून) उपटलेल्या रोपांच्या मुठी चिखलात जागोजाग टाकलेल्या. दुसरीकडे ब्रह्मगिरीचा कडा ढगात. वरकस उतारावर नागली आणि वरई. ब्रह्मगिरीच्या कड्याखालच्या पट्ट्यात गंगाद्वार मेट, सुपलीची मेट अशा ‘मेट’ म्हटल्या जाणाऱ्या वस्त्या आहेत. त्या मूळच्या ब्रह्मगिरीवरच्या किल्ल्याच्या राखणदारांच्या. गोदावरी जिथे उगम पावते त्याच डोंगरावरच्या या वस्त्यांतल्या बायांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. बाटलीभर पाणी मागण्याआधी चालणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. गंगाद्वारापर्यंत 700 हून अधिक पायऱ्या आहेत, ब्रह्मगिरीचा माथा (सुमारे 1295 मी.) आणि तिथून दुर्गभांडारकडे जाणारी अरुंद वाट धरली तर पुरा दिवस लागतो.

नाशिक–त्र्यंबक रस्त्यावर डाव्या हाताला अंजनेरी (सुमारे 1280 मी.) लागतो. पायथ्याच्या गावात मध्ययुगीन जैन व हिंदू मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत, वर अंजनीमातेचे मंदिर आहे आणि पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस फुलांचा बहर येतो. या डोंगराचेच नाव मिळालेली सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात 2006 मध्ये शास्त्रीयदृष्ट्या नोंदली गेली. अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. कड्यांवर गिधाडेही घरटी करतात. डोंगरावर गाडीरस्ता आणि रोपवे नेण्याच्या प्रस्तावांना पर्यावरणप्रेमींनी विरोध केला, तो रास्तच होता. पठारावरची माती वीतभरही खोल नसते. पायवाट सोडून फुलांत शिरणारा एकटा माणूससुद्धा तिथे नुकसान करतो.

सायकलीसाठी सर्वांत लोकप्रिय वाट गंगापूर रस्त्याची. आनंदवल्लीचा नवश्या गणपती, सोमेश्वरचे मंदिर आणि त्याच्या पुढचा गोदावरीचा धबधबा, मग गोवर्धन, गंगापूर आणि धरण. गंगापूर धरण मातीचे आहे आणि नाशिकची तहान मुख्यत्वे त्यावरच भागते. सावरगाव–गंगाव्हरेच्या बाजूने जलाशयाचे फाटे दिसत राहतात. पाणी ओसरल्यावर काठावर गवताळ पट्टे उघडे पडतात, तिथे थव्याने पाखरे उतरतात. समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेल्या या गावाला पाण्याकाठची फेरी म्हणून हाच भाग ठाऊक आहे. पुढे गिरणारे येते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिथल्या टोमॅटो बाजारामुळे रस्ता क्रेट लादलेल्या पिकअपनी भरलेला असतो, तेव्हा सायकलस्वारांनी सकाळी लवकर पुढे निघून जावे. गिरणाऱ्यापुढे वाघेरा घाटातून हरसूलकडचा रस्ता लागतो. वाहने कमी, चढ दमदार, दोन्ही बाजूंना साग. माझ्या मते जिल्ह्यातला हा सर्वांत सुंदर सायकलमार्ग आहे. परतीच्या वाटेवर चुलीवरच्या मिसळीला थांबणे हा नाशिकच्या सायकलस्वारांचा पक्का रिवाज.

पूर्वेचा रस्ता सपाट. सुमारे 40 किमीवर गोदावरी–कादवा संगमावरचे नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे. 2020 मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा स्थलांतरित पक्ष्यांचा काळ, आणि तोच द्राक्षाचाही. ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की पुढचे चार महिने बागेत औषध फवारणारे ट्रॅक्टर फिरत असतात; ब्लोअर चालू दिसला तर वाऱ्याची दिशा पाहून थांबावे. निफाडला थंडीत पारा राज्यात सर्वांत खाली जातो, तेव्हा द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. हातमोजे घातल्याशिवाय त्या वेळी ब्रेक धरवत नाही.

उत्तरेला पेठ व दिंडोरी रस्त्यांच्या मधोमध रामशेज आहे. संभाजी महाराजांच्या काळात मुघलांविरुद्ध हा लहानसा किल्ला वर्षानुवर्षे लढला. चढ मात्र तासाभराचा. सप्तशृंगगडाची सुमारे 60 किमीची वाट चैत्रात आणि नवरात्रात पायी जाणाऱ्यांनी भरते.

नाशिकच्या सायकलवेडाला मोठे बळ मिळाले ते डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंमुळे. सुमारे 4800 किमीची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ त्यांनी 2015 मध्ये दोघांच्या संघाने पुरी केली. हे करणारे ते पहिले भारतीय. नाशिकहून पंढरपूरला दरवर्षी सायकलवारीही निघते.

जुलै–ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी पहिणे आणि धबधब्यांचे रस्ते मोटारींनी कोंडतात. चालणाऱ्याने सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ निवडावा. त्र्यंबक भागातले ओढे डोंगरावरच्या पावसाने काही मिनिटांत फुगतात. दुगारवाडीच्या धबधब्याकडे जाणारे पात्र कोरडे दिसले तरी वर आभाळ काळे असेल तर ते ओलांडू नये, आणि अलीकडे असताना पाणी गढूळ होऊ लागले की गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.