गोव्यात जनरल सर्जन व्हायचंय? नीटपासून नोकरीपर्यंतची पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

गोव्यातून सर्जन व्हायला निघालेल्या मुलाची रहिवासी दाखल्याशी तीनदा गाठ पडते, आणि तिन्ही वेळा त्या कागदाची किंमत वेगळी असते. एमबीबीएसच्या प्रवेशाला तो नसेल तर राज्याच्या कोट्यातली जागा विसरायची. एमएसच्या, म्हणजे सर्जरीच्या पदव्युत्तर पदवीच्या प्रवेशाला २०२५ पासून त्याचं वजन उरलेलं नाही. आणि सरकारी नोकरीच्या वेळी तो परत मागतात, तोही पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा. घरात चर्चा चालते ती गुणांची आणि क्लासच्या फीची. कागदांची आठवण निकाल लागल्यावर होते, आणि नेमकी तेव्हाच मामलेदार (महाराष्ट्रातला तहसीलदार) कचेरीत अख्ख्या तालुक्याची रांग असते. म्हणून इथे अभ्यासाबद्दल कमी आणि कागदांबद्दल जास्त लिहितो.

आधी वर्षांचा हिशेब. एमबीबीएस साडेचार वर्षं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप, मग एमएस जनरल सर्जरी तीन वर्षं. कुठेही वर्ष वाया गेलं नाही तरी सत्ताविशी गाठली जाते. पुढे युरॉलॉजी, प्लास्टिक सर्जरी, न्यूरोसर्जरी असं काही करायचं तर एमसीएच या त्यापुढच्या पदवीची आणखी तीन वर्षं. हे आईवडिलांनी आधीच समजून घेतलेलं बरं, कारण चुलतभाऊ इंजिनिअर होऊन गाडी घेतो तेव्हा आपला मुलगा अजून वॉर्डात ड्रेसिंग करत असतो.

बारावी आणि नीट

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. तिन्ही विज्ञान विषय मिळून खुल्या गटाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पुरी व्हायला हवीत. कमाल वयाची अट नाही. पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा. त्यातले निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा.

भाषेच्या रकान्यात घाई करू नका. नीट मराठीतून देता येते, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. गोव्यातलं केंद्र घेतलं तर ती मिळणार नाही. अकरावी-बारावी इंग्रजीतूनच झालेली असते, त्यामुळे पेडणे-सत्तरीच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलांचंही त्यावाचून फारसं अडत नाही.

नीटचा अर्ज भरल्यावर फोटोच्या भरपूर प्रती काढून ठेवा. अर्जावर लावलेलाच फोटो पुढे हॉल तिकिटापासून कॉलेजच्या प्रवेशापर्यंत लागतो. नंतर नवा काढला आणि त्यात केस वेगळे, चष्मा वेगळा दिसला की खिडकीवरच्या माणसाला शंका येते.

गोमेकॉचा प्रवेश आणि मामलेदार कचेरी

बांबोळीच्या गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यासाठी एमसीसीच्या (केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीच्या) संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. उरलेल्या राज्याच्या जागांचा अर्ज पर्वरीच्या तांत्रिक शिक्षण संचालनालयाकडे. नीट दिली म्हणजे अर्ज आपोआप गेला असं नाही. नीटचा अर्ज वेगळा, संचालनालयाचा वेगळा, एमसीसीचा वेगळा. दरवर्षी कोणी ना कोणी यातला एक विसरतो.

संचालनालय दरवर्षी माहितीपुस्तिका काढतं. तिच्यातलं पात्रतेचं प्रकरण अकरावीला प्रवेश घेण्याआधी वाचायचं, नीटच्या निकालानंतर नव्हे. गोव्यात किती वर्षांचं सलग वास्तव्य हवं आणि शिक्षण कुठे झालेलं हवं, हे तिथेच लिहिलेलं असतं. कोटाला किंवा पुण्याला पाठवून तिथल्याच शाळेत नाव घालण्याचा बेत असेल तर आधी ते प्रकरण, मग क्लासचे पैसे.

रहिवासी दाखला आपल्या तालुक्याचा मामलेदार देतो. अर्ज गोवा ऑनलाइनवर करता येतो. मुलाचा जन्मदाखला, शिधापत्रिका, आधार, आईवडिलांची मतदार ओळखपत्रं, घरपट्टीची पावती किंवा भाड्याचा करार, पंचायतीचा वा पालिकेचा दाखला आणि शाळेचं बोनाफाइड हे सगळं हाताशी ठेवा. मधल्या टप्प्यावर तलाठ्याची चौकशी होते. शाळेचं बोनाफाइड पहिलीपासून सलग वर्षं दाखवणारं असेल तर काम सोपं जातं, कारण मूल इथे राहत होतं याचा त्याहून चांगला पुरावा घरात सहसा नसतो. शाळा बदललेल्या असतील तर प्रत्येक शाळेचं वेगळं घ्या. मधलं एक वर्ष मोकळं दिसलं की अर्ज तिथेच अडतो.

सगळ्यांत जास्त वेळ खातो तो नावातला फरक. गोव्यात हा घरोघरचा प्रकार आहे. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या नोंदीत ‘सिनाय बोरकर’, वडिलांच्या जन्मदाखल्यावरही तेच, शाळेत मात्र नुसतं ‘बोरकर’, आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. आईच्या नावाचे तर दोन संच: माहेरचा आणि सासरचा. नोटरीचं प्रतिज्ञापत्र केलं की झालं असं समजून बरेच जण निश्चिंत राहतात, पण ते प्रत्येक ठिकाणी चालेलच असं नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा दाखला मामलेदाराकडून घेऊन ठेवावा. नाव बदलायचंच असेल तर गोव्याचा १९९० चा नाव व आडनाव बदलाचा स्वतंत्र कायदा आहे आणि ते काम नागरी निबंधकाकडे होतं. दहावीचा फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ काढून घरातले सगळे कागद टेबलावर मांडा आणि नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापलं जातं तेच एमएसच्या पदवीपर्यंत सोबत राहतं.

ओबीसी विद्यार्थ्यांना जातीच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रीमी लेयरही लागतं. अखिल भारतीय कोट्यासाठी ते केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातलं हवं. राज्याच्या यादीत जात असली म्हणून केंद्राच्या यादीत ती असेलच असं धरून चालू नका. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश २००३ साली झाला. त्याआधीचे घरातले दाखले जुन्या वर्गवारीचे असतील तर आता उपयोगाचे नाहीत.

पोर्तुगीज पासपोर्टचा विषय अनेक घरांत हळू आवाजात निघतो. लिस्बनला नोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आणि नंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं) काढलं, की मुलाच्या डॉक्टरकीचं गणित बदलतं. ४ मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने ओसीआय कार्डधारकांना नीट देता येते, पण प्रवेश एनआरआय किंवा अधिसंख्य (सुपरन्यूमररी) जागांपुरता. भारतीय नागरिकांसाठीच्या जागांवर हक्क सांगता येत नाही. त्या तारखेच्या आधी कार्ड मिळालेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलासा दिला, नंतरच्यांना तो नाही. युरोपची वाट मोकळी करायला घेतलेला पासपोर्ट बांबोळीची वाट बंद करू शकतो, हे अठराव्या वर्षी नव्हे, अर्ज करतानाच माहीत हवं.

दोडामार्ग-सावंतवाडीची मुलं गोमेकॉबद्दल नेहमी विचारतात, कारण त्यांच्याकडचे पेशंट वर्षानुवर्षं बांबोळीलाच येतात. पेशंट म्हणून येणं वेगळं, विद्यार्थी म्हणून वेगळं. त्यांना अखिल भारतीय कोटा खुला आहे, राज्याचा नाही. आता ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, त्यामुळे महाराष्ट्राच्या कोट्यातून घराजवळच सोय होऊ शकते.

इंटर्नशिप आणि नोंदणी

शेवटची परीक्षा पास झाली की गोवा मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी, ती झाल्यावर इंटर्नशिप. बारा महिन्यांतले सहा आठवडे जनरल सर्जरीचे, बारा आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे. गोमेकॉचं ग्रामीण केंद्र मांडूरला आहे आणि शहरी केंद्र सांताक्रूझला. सर्जन व्हायचं असलं म्हणून मांडूरचे दिवस उरकून टाकू नयेत. पायाची जखम महिनाभर अंगावर काढून आलेला माणूस तिथेच पहिल्यांदा दिसतो.

रजा मात्र जपून. वर्षभरात १५ दिवसांपेक्षा जास्त रजा झाली की इंटर्नशिप तितकी लांबते, आणि ती नीट-पीजीच्या, म्हणजे एमएसच्या प्रवेशपरीक्षेच्या ठरलेल्या तारखेच्या पुढे गेली की अख्खं वर्ष हातचं जातं. २०२५ मध्ये ही तारीख ३१ जुलै होती. इंटर्नशिप संपल्याचं प्रमाणपत्र मिळताच कायमची नोंदणी करून घ्या. विद्यापीठाचा पदवीदान समारंभ होईपर्यंत थांबण्याचं कारण नाही.

परदेशातून एमबीबीएस करून येणाऱ्यांना जाण्याआधी नीट पात्र व्हावं लागतं. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून आणि एकाच संस्थेत पुरा केलेला हवा, शिवाय तिथेच बारा महिन्यांची इंटर्नशिप हवी. परत आल्यावर ३०० गुणांच्या परीक्षेत १५० मिळवायचे आणि इथे पुन्हा इंटर्नशिप करायची. एजंटने यातलं काय सांगितलं नाही ते पैसे भरण्याआधी विचारा.

नीट-पीजी आणि एमएसची जागा

नीट-पीजी २०० प्रश्नांची, ८०० गुणांची. पात्रतेला खुल्या गटासाठी ५० पर्सेंटाइल. पण पात्र होणं आणि सर्जरी मिळणं यात मोठं अंतर आहे. निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात एमसीसीकडून, निम्म्या राज्याकडून.

पूर्वी राज्याच्या जागांना गोव्यातल्या वास्तव्याची अट असे. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतलं वास्तव्यावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. संस्थेला आपल्याच विद्यार्थ्यांना मर्यादित प्राधान्य देता येतं, ते कायम ठेवलं. याचा फटका कोणाला? बेळगावला किंवा मंगळूरला एमबीबीएस करून परत आलेल्या गोंयकाराला. पंचवीस वर्षांचा रहिवासी दाखला त्याला इथे उपयोगी नाही, तर गोमेकॉतून एमबीबीएस झालेला उमेदवार संस्थेच्या प्राधान्यावर दावा सांगू शकतो. बारावीनंतर कॉलेज निवडताना ही गोष्ट आता मोजायला हवी. दोन गुणांनी गोमेकॉ हुकल्यावर ‘डिग्री तीच तर आहे’ म्हणून बाहेर जाणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी) जनरल सर्जरी हा दुसरा रस्ता. तीही तीन वर्षांची, तीही नीट-पीजीच्याच रँकवर, आणि एमएसच्या बरोबरीची. पर्याय भरताना ती कमी प्रतीची समजून वगळू नका. तिथे केसेस किती येतात आणि रेसिडेंटच्या हातात चाकू कधी देतात, हे आधीच्या बॅचला विचारून ठरवा.

एमएसच्या तीन वर्षांत परीक्षेला बसण्यासाठी कागदांची आणखी एक माळ तयार होते. संशोधन पद्धतीचा कोर्स, नीतिशास्त्राचा कोर्स, हृदय बंद पडल्यावर करायच्या उपचारांचं प्रशिक्षण, हे सगळं पहिल्या वर्षातच उरकायचं. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काढायचे. प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी सादर, हजेरी ८० टक्के. लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, मात्र रोजच्या रोज. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पहिलं वर्ष बहुतेक कॅमेरा धरण्यात जातं. तेही लिहायचं, तारखेसकट, वरिष्ठाची सही घेऊन. महिन्याअखेरीला आठवून लिहिलेलं लॉगबुक परीक्षक दोन पानांत ओळखतो.

कामाचं स्वरूपही खास इथलंच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात देशात सर्वाधिक, २६.४ टक्के निघालं. त्यामुळे सर्जरीच्या वॉर्डात हर्निया आणि अपेंडिक्सबरोबर मधुमेहाने काळा पडलेला अंगठा रोजचाच. त्यावर रात्रीचे दुचाकीचे अपघात. सर्जरी घेण्याआधी इंटर्न म्हणून त्या रात्रपाळ्या डोळसपणे पाहाव्यात, हे माझं मत.

नोकरी

एमएस झाल्याबरोबर गोवा मेडिकल कौन्सिलकडे वाढीव पदवीची नोंद करा. ही नोंद नसेल तर तज्ज्ञ डॉक्टरच्या पदासाठी अर्ज करताना अडायला होतं, आणि ऐन मुदतीत ती होत नाही. दुसऱ्या राज्यातून एमएस करून आला असाल तर तिथल्या कौन्सिलचं ना हरकत पत्र आणावं लागतं. तिथलं हॉस्टेल सोडण्याआधीच ते मागून घ्या.

गोमेकॉत सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर एमएसनंतर वर्षभर सीनियर रेसिडेंट म्हणून काम केलेलं हवं. आरोग्य खात्यातली सर्जनची पदं जिल्हा रुग्णालयांत असतात. नियमित पदांची भरती गोवा लोकसेवा आयोगाकडून होते. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला इथे पुन्हा लागतो. जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं ज्ञान इष्ट असं लिहिलेलं असतं. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी ही ओळ वाचून नाराज होण्यापेक्षा मुलाखतीला कोकणीतून दोन वाक्यं नीट बोलायची तयारी ठेवावी. पेशंट तर कोकणीतूनच कळ कुठे येते ते सांगणार आहे.

स्वतःचं इस्पितळ काढणाऱ्यांना गोवा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली नोंदणी आणि जैववैद्यकीय कचऱ्यासाठी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता हवी. सोनोग्राफी मशीन ठेवणार असाल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखालची नोंदणी मशीन विकत घेण्याआधी. विक्रेता ‘नंतर करू’ म्हणाला तरी ऐकू नका.