गाडीला गाडी लागली, चूक कुणाची? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बंपर फुटलेला, दरवाजा चेपलेला, आरसा वायरीला लोंबकळतोय, अशी गाडी आमच्याकडे डेंटिंग-पेंटिंगला येते तेव्हा मालक खर्च नंतर विचारतात. आधी विचारतात, "तुम्हीच बघून सांगा, यात चूक कुणाची?" काऊंटरवर उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक काढलं आहे. गाडीच्या कप्प्यात आरसी-पॉलिसीसोबत ठेवा. यातली माहिती फक्त किरकोळ धडकेपुरती आहे. कुणालाही इजा झाली असेल, अगदी दुचाकीवरून पडून खरचटलं असेल, तरी प्रकरण किरकोळ राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात नेणं आणि पोलिसांना लगेच, फार तर २४ तासांत, कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. आधी ११२ ला फोन करा. चूक कुणाची, ते नंतर बघता येईल.

रस्त्यावरचा निकाल

धडक झाली की जमलेली मंडळी दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळी होतात. कार आणि दुचाकी असेल तर कारवाल्याची चूक. दोन्ही कार असतील तर महागड्या कारवाल्याची. आणि नाशकात एमएच-१५ सोडून दुसरं पासिंग दिसलं की मग विचारायलाच नको. कायद्यात यातलं काहीही नाही. मोठ्या गाडीवाल्याने जास्त जपून चालवावं हे खरं, पण गाडी मोठी म्हणून चूक त्याची, असा नियम कुठेही नाही. या समजुतीपायी निर्दोष माणूस खिशातून पैसे काढून देताना आम्ही पाहतो, आणि ते आम्हाला मनापासून खटकतं.

खरे नियम २०१७ साली केंद्र सरकारने काढलेल्या वाहन चालवण्याच्या विनियमांत आहेत. १९८९ चे जुने नियम जाऊन हे आले. त्यांचं सार दोन प्रश्नांत सांगता येतं. त्या जागेवर आधी जायचा हक्क कुणाचा होता? आणि धडक टळेल इतकं अंतर, इतकं भान कुणी ठेवायला हवं होतं?

मुंबई नाक्यासारख्या सर्कलवर, सिग्नल चालू नसेल तर, जो आधीच सर्कलमध्ये फिरतोय तो पहिला. बाहेरून आत शिरणाऱ्याने थांबायचं. गल्लीतून कॉलेज रोडला येताना मुख्य रस्त्यावरच्याला जाऊ द्यायचं. दोन्ही रस्ते सारखेच असतील, सिग्नल नसेल, पोलीस नसेल, तर आपल्या उजव्या हाताने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा नियम लायसन्सच्या परीक्षेत सगळ्यांनी टिकमार्क केलेला असतो, चौकात मात्र तो कुणाला आठवत नाही. डिव्हायडरच्या फटीतून यू-टर्न घेणारा, कडेला लावलेली गाडी काढणारा, लेन बदलणारा, रिव्हर्स घेणारा, मागचं न बघता दरवाजा उघडणारा, या सगळ्यांवर खात्री करून घेण्याचा भार आहे, कारण सरळ चाललेल्याच्या वाटेत ते येत असतात. नांदुरीहून सप्तशृंग गडावर जाताना अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. उतरणाऱ्याने थांबायचं.

उलट्या दिशेने येणाऱ्याची बाजू जवळपास नेहमीच पडते. तरीही "तो राँग साइडने आला" एवढ्याने तुमचं काम होत नाही. तो तुम्हाला लांबून दिसत होता का आणि तुम्ही ब्रेक मारलात का, हेही विचारलं जातं. नो पार्किंगमध्ये उभ्या गाडीचंही तसंच. तिच्या मालकाने दंड भरायचा, पण तिला ठोकणारा त्यामुळे सुटत नाही.

मागून ठोकलं तर

आमच्याकडे येणाऱ्या वादांत हा सगळ्यात मोठा. मागच्याची चूक, असं सगळे म्हणतात आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. पुढची गाडी अचानक थांबली तरी आपल्याला थांबता येईल एवढं अंतर ठेवणं हे मागच्याचं काम आहे. ताशी ४० किलोमीटरने चाललेली गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. पुढचे लाल दिवे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक सेकंद जातो. त्यामुळे एका गाडीइतकंच अंतर ठेवणाऱ्याची गाडी ब्रेक लागायच्या आतच पुढच्याला भिडते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. कार एका ट्रकच्या मागे दहा-पंधरा फुटांवर चालली होती, ट्रकने ब्रेक मारला आणि कार त्याला धडकली. सुरक्षित अंतर न ठेवल्याचा दोष न्यायालयाने कारचालकाकडेच ठेवला.

पण पुढच्याला काहीही करायची मोकळीक आहे, असा याचा अर्थ नाही. जुलै २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचण्यासारखा आहे. कोइम्बतूरजवळ हायवेवर एका कारचालकाने अचानक ब्रेक मारला. गरोदर बायकोला मळमळायला लागलं, असं त्याचं म्हणणं होतं. मागचा दुचाकीस्वार कारवर आदळून पडला, त्याच्या पायावरून बस गेली आणि पाय काढावा लागला. न्यायालयाने कारचालकाला ५० टक्के, बसचालकाला ३० टक्के आणि अंतर न ठेवल्याबद्दल दुचाकीस्वाराला २० टक्के जबाबदार धरलं. कारण कितीही खरं असलं, तरी हायवेवर मागच्याला इशारा न देता थांबणं हा निष्काळजीपणाच, असं न्यायालयाने म्हटलं. ही टक्केवारी लक्षात ठेवा. चूक दोन्ही-तिन्ही पक्षांत वाटली जाऊ शकते. रस्त्यावरच्या भांडणात हे कुणी म्हणतच नाही, कारण तिथे प्रत्येकाला समोरच्याची शंभर टक्के चूक हवी असते.

पत्रा काय सांगतो

हे आमचं रोजचं काम, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सिग्नलला चढावर दोन गाड्या भिडल्या. पुढचा म्हणतो, "मागून येऊन ठोकलं." मागचा म्हणतो, "मी उभाच होतो, हा मागे घसरला." आम्ही दोन्ही बंपरची जमिनीपासूनची उंची मोजतो. जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली दबतं, म्हणून ब्रेक मारत येऊन ठोकणाऱ्या गाडीचा ठसा पुढच्या गाडीवर नेहमीच्या उंचीपेक्षा खाली उमटतो. बऱ्याचदा बंपरच्या खालच्या कडेला. पुढची गाडी हळूच मागे घसरली असेल तर दोन्ही बंपर आपापल्या उंचीवर टेकतात आणि खुणा जुळतात. नंबरप्लेटच्या स्क्रूचा ठसा समोरच्या प्लास्टिकवर स्वच्छ दिसतो, त्यावरून मोजायला सोपं जातं. अर्थात रस्त्याचा चढ आणि गाडीतलं वजन धरूनच हा अंदाज बांधायचा असतो.

बाजूने घासलं असेल तर ओरखडा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते बघतो. खरवडलेला रंग ओरखड्याच्या शेवटाला गोळा होतो, नखाने निघेल असा. तो तुमच्या दरवाजाच्या मागच्या टोकाला असेल तर घासणारी वस्तू तुमच्या गाडीवरून पुढून मागे सरकली, म्हणजे बहुधा तुमची गाडी जास्त वेगात होती. पुढच्या टोकाला असेल तर दुसरा तुम्हाला ओलांडून पुढे जात होता. दरवाजावर टायरच्या काळ्या अर्धगोल रेघा असतील तर समोरच्याच्या गाडीचं चाक फिरत होतं. मग "मी उभा होतो" हे त्याचं म्हणणं टिकत नाही.

तीन गाड्या एकामागोमाग भिडल्या असतील तर सगळ्यात पुढच्या चालकाला एकच विचारा: धक्का एकदा बसला की दोनदा? एकदाच बसला असेल तर मधली गाडी बहुधा मागून ढकलली गेली. दोनदा बसला असेल तर मधल्याने आधी स्वतःच ठोकलं आणि नंतर त्याला मागून बसलं. मधल्या गाडीचा मागचा भाग जास्त चेपलाय की पुढचा, यावरून तेच ताडून बघता येतं. हा प्रश्न तिथल्या तिथे विचारा. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाची आठवण आपल्या सोयीने बदललेली असते.

आमचं मत हा न्यायनिवाडा नाही. पण सर्व्हेअर (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) किंवा पोलीस विचारतात तेव्हा या खुणा उपयोगी पडतात, म्हणून गाडी धुऊन, पॉलिश मारून आमच्याकडे आणू नका. आहे तशी आणा.

पहिली पाच मिनिटं

हॅझर्ड लाइट लावा. गाड्या हलवण्याआधी फोटो काढा, पण चेपलेल्या जागेचेच दहा फोटो काढू नका. ते आम्ही नंतरही काढू शकतो. जे नंतर मिळणार नाही ते टिपा: थोडं लांबून दोन्ही गाड्या आणि रस्त्याचे पट्टे, पुढची चाकं कुठे वळलेली आहेत, इंडिकेटर लागलेला आहे का, फुटलेली काच रस्त्यावर कुठे पडली आहे. काच बहुतेक धडकेच्या जागीच पडते, गाड्या पुढे जाऊन थांबतात. मग गाड्या कडेला घ्या, रस्ता अडवून वाद घालू नका. समोरच्याचं लायसन्स, आरसी आणि पॉलिसी यांचे फोटो घ्या, तुमचेही द्या. बघणाऱ्या एखाद्याचा नंबर घ्या. जवळच्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे असेल तर त्याच दिवशी विनंती करा, कारण काही दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं. डॅशकॅमचं मूळ कार्ड जपून ठेवा, नुसती व्हॉट्सअ‍ॅपवरची क्लिप पुरत नाही.

"चूक माझी होती" असं लिहून देऊ नका. माणुसकी म्हणून विचारपूस करा, पाणी द्या, पण कागदावर सही नको. नेहमीच्या मोटार पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही आणि पैसे द्यायचं वचनही द्यायचं नाही. आपसात मिटवायचंच असेल तर गाडी नीट तपासून मग मिटवा. बंपरच्या आत काय तुटलंय ते रस्त्यावर कळत नाही.

इन्शुरन्सला चूक किती महत्त्वाची?

इथे बहुतेकांना आश्चर्य वाटतं. तुमच्याकडे फुल्ल इन्शुरन्स असेल तर तुमच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी चूक कुणाची हे ठरावंच लागत नाही. चूक तुमची असली तरी तुमची कंपनी देते. लायसन्स वैध हवं, दारू प्यायलेली नसावी, कंपनीला ताबडतोब कळवलेलं असावं आणि सर्व्हे होण्याआधी काम सुरू केलेलं नसावं. नुसता थर्ड पार्टी असेल तर मात्र तुमच्या गाडीला काही मिळत नाही, आणि तेव्हा समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते. त्याच्या कंपनीकडून वसुलीचा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो, त्यासाठी पोलिसांकडची नोंद लागते आणि अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. बंपर-लाइटच्या खर्चासाठी हे क्वचितच परवडतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

क्लेम करायचाच का, याचं गणित आधी मांडा. समजा नवा बंपर ६,००० आणि रंगकाम ४,००० रुपये. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे ३,००० वजा. रंगकामात मटेरियलचा हिस्सा २५ टक्के धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे ५०० वजा. १५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायचा हिस्सा, १,०००. हातात ५,५०० येतात. आता तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ३५ टक्के असेल तर पुढच्या वर्षी तो ४५ टक्के झाला असता, क्लेम केल्यावर शून्य होतो. गाडीच्या नुकसानीपोटीचा हप्ता ९,००० असेल तर ४,०५० रुपयांची सूट पहिल्याच वर्षी गेली, आणि बोनस पुन्हा २० पासून चढायला वर्षं लागतात. असं काम खिशातून केलेलं बरं, आणि आम्ही तसंच सांगतो. बिल कंपनी भरणार असली तरीही.

क्लेम फॉर्मवरची हकिकत तुमच्या शब्दांत, घडली तशीच लिहा. भिंतीला घासलेली गाडी "अज्ञात वाहनाने धडक दिली" म्हणून आमच्याकडून लिहून मिळणार नाही. जुना पोचा नव्या क्लेममध्येही घातला जाणार नाही. येताना आरसी, लायसन्स, पॉलिसी, ते सगळे फोटो आणि रस्त्यावरून उचललेले फुटके तुकडे पिशवीत घालून आणा. सर्व्हेअर येईपर्यंत तुकडे आम्ही तुमच्या नंबरची चिठ्ठी लावून ठेवतो.