मुंबईच्या हवेतील धूलिकण : उगम आणि घटक

मुंबई व लगतच्या पट्ट्यातील हवेत तरंगणारे घन आणि द्रवरूप कण. 10 मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांना पीएम 10 आणि 2.5 मायक्रॉनपर्यंतच्यांना पीएम 2.5 म्हणतात. 2009 च्या राष्ट्रीय मानकांनुसार त्यांची 24 तासांची मर्यादा घनमीटरमागे अनुक्रमे 100 व 60 मायक्रोग्रॅम आहे. प्रदूषणाला जबाबदार कोण, याचे उत्तर कोणता कण मोजला यावर बदलते. वर्तमानपत्रांतले निम्मे वाद इथेच उगवतात.

पीएम 10 च्या वजनात रस्त्याची धूळ आणि बांधकामाची माती पुढे असते. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह ही मातीची मूलद्रव्ये. कॅल्शियम वाढले की सिमेंट, आरएमसी (तयार काँक्रीटचे) प्लांट किंवा डेब्रिजचा संशय येतो. खाली बसलेली धूळ चाकांखाली दळली जाऊन पुन्हा उडते. ब्रेकमधले तांबे व अँटिमनी आणि टायरमधले जस्त तिच्यात मिसळलेले असते. कोरड्या झाडूने रस्ता स्वच्छ दिसतो, हवा मात्र बिघडते. पाणी मारल्याचा गुण ओल असेपर्यंतच. गाळ उचलला नाही तर दुपारी तोच उडतो. शिवाय समुद्राचे मीठ असतेच. शहरातील नायट्रिक आम्ल त्यातले क्लोरीन हुसकावून सोडियम नायट्रेट बनवते, म्हणून मिठाचा वाटा क्लोराइडवरून काढला तर कमी भरतो, सोडियमवरून काढावा.

पीएम 2.5 मध्ये जळणाचा आणि वायूंचा हात मोठा. डिझेलची काजळी, उघड्यावर जाळलेला कचरा, पावाच्या भट्ट्यांतले लाकूड हे उगम डोळ्यांना दिसतात. न दिसणारा भाग हवेतच तयार होतो : कोळसा व जड तेलातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे सल्फेट, वाहनांच्या नायट्रोजन ऑक्साइडांचे नायट्रेट, आणि गटारे, गोठे, कचराभूमीतून येणाऱ्या अमोनियाशी त्यांचे क्षार. तेलशुद्धीकरण कारखाने, औष्णिक वीज आणि खत कारखाना एकमेकांजवळ असलेला चेंबूर-माहुल-तुर्भे (ट्रॉम्बे) पट्टा म्हणूनच नेहमी चर्चेत असतो. लाकडाची खूण लेव्होग्लुकोसान (लाकूड जळताना बनणारे संयुग), जड तेलाची (यात जहाजेही आली) व्हॅनेडियम व निकेल, दिवाळीच्या फटाक्यांची बेरियम व स्ट्रॉन्शियम.

नमुना घेताना मिनिटाला 16.7 लिटर हवा 47 मिलिमीटरच्या फिल्टरमधून 24 तास ओढतात. म्हणजे 24 घनमीटर. हवेत पीएम 2.5 मर्यादेइतके असेल तर फिल्टरवर जेमतेम 1.44 मिलिग्रॅम ऐवज जमतो. बोटाचा ठसा उमटला तरी वजन फसते, त्यामुळे चिमटा सक्तीचा. वजन व मूलद्रव्यांसाठी टेफ्लॉन, कार्बनसाठी आधी भट्टीत तापवून घेतलेला क्वार्ट्झ. अमोनियम नायट्रेट उष्णतेने उडून जाते, तेव्हा फिल्टर थंड पेटीतूनच प्रयोगशाळेत न्यावा. स्वयंचलित यंत्रांत अडचण उलटी : दमट हवेत आत येणारी नळी तापवली नाही तर यंत्र पाणीही धूळ म्हणून मोजते, आणि जास्त तापवली तर नायट्रेट जाते.

हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुटतात, रात्रीचे मतलई वारे जमिनीवरचा धूर शहरात आणतात आणि वरच्या उबदार थराखाली तो कोंडतो. पावसाळ्यात हवा धुऊन निघते. कधी उगम फार दूरचा असतो : जानेवारी 2022 मध्ये वायव्येकडून आलेल्या धुळीने मुंबई झाकोळली होती. अशा दिवशी पीएम 2.5 चे पीएम 10 शी गुणोत्तर घसरते, धुराच्या दिवशी ते चढते. हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या एका आकड्यात हा फरक दिसत नाही.