घटातलं धान आणि कुरणातली गाय

दसऱ्याला आमच्या गोरेगावच्या इमारतीत घटातलं धान घरोघरी दिलं जातं. शेजारच्या काकू दरवर्षी म्हणतात, "धान पिवळंधमक आलंय, वर्ष सोन्यासारखं जाणार!" धान पिवळं येतं ते देवघरातल्या अंधारामुळे. उजेड नसला की पानात हरितद्रव्य तयार होत नाही आणि उजेड शोधत रोप उंच होत जातं. बियाणं किती टक्के उगवतं हे घटावरून कळतं, येणारं वर्ष कसं जाईल हे कळत नाही.

पण घट उठवल्यावर ते धान टाकू नका, खिडकीत ठेवा. हिरवं झालं की एका कोवळ्या, वाढत्या पात्यावर पेनाने अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर ठिपके काढा आणि शेंडा कात्रीने छाटा. दोन दिवसांनी पाहा. पातं वर आलेलं असेल, पण ठिपक्यांमधलं अंतर तेवढंच आणि छाटलेला शेंडा बोथटच! वाढ शेंड्याला झालेलीच नाही. पात्याच्या बुडाशी, खोडाला वेढणाऱ्या आवरणाच्या आत नव्या पेशी तयार होतात आणि जुना भाग वर ढकलला जातो. तुळशीचा शेंडा खुडला तर ती फांदी तिथेच थांबते, बाजूचे डोळे फुटतात. गवताचं तसं नाही. त्याची वाढीची जागा जमिनीलगत, गाईच्या तोंडाखाली सुरक्षित असते. ही रचना मला फार विलक्षण वाटते. खाल्लं जाणार हे गृहीत धरूनच जणू गवत घडलं आहे.

मात्र पूर्ण उलगडलेलं पातं छाटलं तर ते पुढे वाढत नाही, वाढतात ती आतली कोवळी पाती. शिवाय गवत पोटरीवर आलं, म्हणजे आत तुरा तयार होऊ लागला, की आतापर्यंत खाली बसलेला खोडाचा कोंब पेरं लांबवत वर चढतो. तो तोंडात सापडला की ती काडी संपली. मग बुडाशी नवे फुटवे, म्हणजे नव्या काड्या, यावे लागतात, आणि पानं नसताना त्यांना लागणारी साखर येते बुडख्यातल्या साठ्यातून. साठा पुन्हा भरण्याआधीच गाय परत आली, तर दरवेळी फुटवा आधीपेक्षा कमजोर निघतो.

फ्रान्सचे शेतकरी आणि जीवरसायनशास्त्रज्ञ आंद्रे व्हॉइसाँ यांनी 1950च्या दशकात यावरच भर दिला. कुरणात गुरं किती, यापेक्षा ती किती दिवस राहिली आणि किती दिवसांनी परतली, हे महत्त्वाचं. म्हणून कुरणाचे पट्टे पाडून पाळीपाळीने चारायचं. शरदात ऊन आणि ऊब कमी होते, पाती सावकाश येतात, तेव्हा पाळी लांबवायची. आयर्लंडमधले गोपालक तर ऑक्टोबरपासून एकेक पट्टा बंद करत जातात. त्या पट्ट्यात वसंतापर्यंत गुरं सोडत नाहीत, कारण वसंतातला पहिला चारा शरदातच वाढवून ठेवावा लागतो. त्यांच्याकडच्या रायग्रास या कुरणी गवताच्या एका फुटव्यावर एका वेळी तीनच जिवंत पानं टिकतात. चौथं आलं की पहिलं वाळतं. त्यामुळे फार थांबूनही चालत नाही.

मुंबईचा शरद वेगळा. थंडी नाही, उलट ऑक्टोबरचा उकाडा. 8 ऑक्टोबर ही इथून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख, आणि त्यानंतर ओल आटत जाते. दिवसही लहान होतो, जूनमधल्या सव्वातेरा तासांवरून डिसेंबरात अकरावर. आपली बरीच रानगवतं याच सुमारास तुरे काढतात. तुरा आला की काडीतलं लाकूडपण वाढतं आणि प्रथिनं घटतात. म्हणून वाळवून साठवायचं गवत फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच कापलेलं बरं, कुसळं पिकेपर्यंत थांबलं की वजन भरतं, पण कस जातो.

1949 साली गोरेगावात वसलेल्या आरे दूध वसाहतीतल्या म्हशी कुरणात चरत नाहीत, गवत कापून त्यांच्या दावणीला येतं. गाईच्या दातांना लागू असलेलंच इथे विळ्याला लागू आहे. बुडखा चार बोटं उंच ठेवायचा, आणि पाऊस गेल्यावर पाणी देता येत नसेल, तर पुढची कापणी श्रावणातल्यापेक्षा बरीच उशिरा करायची.