नैराश्य एकध्रुवी की बायपोलर? मुलाखतीतून होणारी उकल

दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ खिन्नता, कशातच रस नसणे, बिघडलेली झोप आणि भूक, मरणाचे विचार अशी लक्षणे दिसली की नैराश्याचे निदान करता येते. मात्र ते एकध्रुवी नैराश्य (ज्यात फक्त नैराश्याचेच टप्पे येतात) आहे की बायपोलर विकारातील नैराश्याचा टप्पा, हे त्या दिवसाच्या लक्षणांवरून ठरत नाही, कारण या टप्प्याचे निकष दोन्हींत एकच आहेत. फरक असतो तो पूर्वायुष्यात.

बायपोलर विकार म्हणण्यासाठी पूर्वी कधीतरी उन्माद (मन आणि उत्साह अवाजवी उंचावलेला किंवा चिडचिडा टप्पा) किंवा त्याचेच हलके रूप असलेला सौम्य उन्माद होऊन गेलेला असावा लागतो. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ नुसार (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमपुस्तिका) उन्माद किमान आठवडाभर टिकतो (रुग्णालयात दाखल करावे लागले तर ही अट नाही), तर सौम्य उन्माद किमान सलग ४ दिवस. उन्माद सहसा घरच्यांच्या नजरेतून सुटत नाही. खरी अडचण सौम्य उन्मादाची आहे, कारण ज्या दिवसांत कामाचा उरक वाढला आणि आत्मविश्वास दुणावला, ते दिवस रुग्णाला आजाराचे वाटतच नाहीत, आणि म्हणून तो ते आपणहून सांगत नाही. त्यामुळे ‘कधी खूप आनंदी होता का?’ हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. त्यापेक्षा झोपेविषयी विचारावे: निद्रानाशात झोप हवी असूनही येत नाही आणि दुसरा दिवस थकव्यात जातो, तर उन्मादात तीन-चार तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो. त्याच दिवसांत बोलणे, खर्च, चिडचिड वाढली होती का, हे पुढे विचारावे आणि रुग्णाच्या संमतीने जवळच्या नातेवाइकांशीही बोलावे. स्टेरॉइड, नशेचे पदार्थ आणि थायरॉइडचे विकार यांचीही चौकशी हवीच.

कमी वयात झालेली सुरुवात, वारंवार येणारे टप्पे, प्रसूतीनंतरचे तीव्र नैराश्य, कुटुंबातील बायपोलर विकार यांमुळे संशय बळावतो, पण निदान सिद्ध होत नाही.

हा काटेकोरपणा उपचारांसाठी हवा. बायपोलर विकारात नुसती नैराश्यविरोधी औषधे दिल्यास उन्माद उसळू शकतो. उलट घाईने बायपोलरचा शिक्का बसला, तर मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या नियमित तपासण्या लागणारे लिथियमसारखे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध गरज नसताना सुरू होऊ शकते. पहिला उन्माद नैराश्यानंतर काही वर्षांनीही येऊ शकतो, म्हणून पहिल्या भेटीत नकारार्थी उत्तर मिळाले, तरी हेच प्रश्न पुढील भेटींत पुन्हा विचारावे लागतात.