पॉप-अप स्टॉलवरील छपाई

एक-दोन दिवसांपुरत्या बाजारात किंवा प्रदर्शनात मांडलेल्या स्टॉलवर, गिऱ्हाईक समोर उभे असताना, त्याने दिलेला फोटो किंवा सांगितलेला मजकूर लहान प्रिंटरवर छापून हातोहात देण्याची पद्धत. फोटो, स्टिकर, नावाची लेबले, कप, टी-शर्ट अशा वस्तू या रीतीने विकल्या जातात. आधी छापून ठेवलेला माल अंगावर पडण्याची धास्ती यात राहत नाही. खोक्यातच अंधारखोली असलेला कॅमेरा घेऊन रस्त्यावर उभे राहणारे फोटोग्राफर हे या धंद्याचे पूर्वज म्हणता येतील. १९४८ मध्ये एडविन लँड यांचा झटपट फोटो देणारा कॅमेरा विक्रीला आला आणि अंधारखोलीची अडचण संपली.

घरगुती इंकजेट प्रिंटर स्टॉलवर सहसा तग धरत नाही. धूळ आणि कोरडा वारा यांनी शाईची बारीक छिद्रे तुंबतात, ने-आण करताना शाई सांडते आणि ताज्या फोटोला बोट लागले की रंग फिसकटतो. म्हणून या कामातली बहुतेक यंत्रे छपाईसाठी उष्णता वापरतात. विजेचा खर्च, लागणारा वेळ आणि छापील वस्तूचे आयुष्य ही तिन्ही गणिते त्यावरच ठरतात.

सर्वांत साधा प्रकार थर्मल प्रिंटरचा. तो पावतीसारख्या कागदावर, मिलिमीटरला साधारण ८ ठिपके या हिशेबाने, काळ्या रंगात छापतो. शाई नाही, रिबन नाही, अंगचीच बॅटरी पुरते. मात्र हा कागद उन्हात फिका पडतो, तापलेल्या गाडीत काळवंडतो आणि अल्कोहोलचे सॅनिटायझर लागले तरी डागाळतो. आठवण म्हणून जपायच्या वस्तूसाठी तो वापरू नये.

झिंक (झीरो इंक, म्हणजे बिनशाईच्या) कागदात पिवळ्या, किरमिजी आणि निळसर रंगांचे, एरवी बिनरंगी दिसणारे स्फटिक थरांनी बसवलेले असतात. वरचा पिवळा थर जास्त उष्णतेने पण क्षणभरात उमटतो. तळचा निळसर थर कमी उष्णतेने, जरा सावकाश. यंत्र खिशात मावते, पण रंगांची खोली बेताचीच.

फोटोच्या स्टॉलवर खरा भार डाय-सब्लिमेशन प्रिंटर, म्हणजे रिबनवरचा (रंगीत फितीवरचा) रंग उष्णतेने कागदावर उतरवणारा प्रिंटर, वाहतो. रिबनवर पिवळा, किरमिजी, निळसर आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थर असे चार पट्टे असतात. प्रत्येक पट्ट्यासाठी कागद एकदा बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. पहिल्या फेरीत पिवळाजर्द दिसणारा फोटो ‘झाला’ समजून उत्साही गिऱ्हाईक तो ओढते आणि कागद व रिबन दोन्ही वाया जातात. प्रिंटरच्या मागे कागदाला सरकायला जागा सोडणे आणि यंत्र गिऱ्हाइकाच्या हाताबाहेर ठेवणे हा त्यावरचा उपाय. कागदावर धुळीचा कण असला की तिथे पांढरा ठिपका राहतो. उन्हात ठेवलेले यंत्र तापले की थंड होईपर्यंत मध्येच थांबते, तेही नेमके गर्दीच्या वेळी.

लहान यंत्राला एका पोस्टकार्ड आकाराच्या फोटोसाठी पाऊण ते एक मिनिट लागते. रांग मात्र बहुधा छपाईपाशी तुंबत नाही. ती तुंबते फोटो निवडण्यापाशी. फोनचा फोटो ४:३ प्रमाणाचा आणि कार्ड जवळपास ३:२ चे, त्यामुळे डोके कापायचे की पाय, यावर चर्चा रंगते. गर्दीत वायफायही अडखळते. इंटरनेट नसले तरी चालणारा स्वतःचा छोटा राउटर बरा, आणि केबल त्याहून बरी.

कप आणि कपडे यांचे गणित वेगळे. सब्लिमेशनचा रंग पॉलिएस्टरला किंवा तसा लेप दिलेल्या पृष्ठभागालाच धरतो. निव्वळ सुती कापडावर तो धुण्यात निघून जातो आणि पांढरी शाई नसल्याने गडद रंगावर दिसतही नाही. सब्लिमेशनसाठी हीट प्रेस (छापील चित्र वस्तूवर दाबून तापवणारा साचा) २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावा लागतो. तो हजार वॉटच्या पुढे वीज ओढू शकतो, त्यामुळे साध्या पॉवर बँकेचे हे काम नव्हे. थेट वीजजोडणी किंवा जनरेटरच हवा. सुती शर्टांसाठी अनेक जण डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म), म्हणजे कापडावर चिकटवायची छापील फिल्म, आधीच छापून आणतात आणि स्टॉलवर फक्त दाबून चिकटवतात. याला ‘मागणीनुसार छपाई’ म्हणणे जरा सैल आहे, पण गिऱ्हाइकाला निवड मिळते आणि रांग हलती राहते.

डाय-सब्लिमेशनमध्ये कागदावर एक ओळ छापली काय किंवा पानभर फोटो छापला काय, रिबनचे चारही पट्टे खर्च होतातच. त्यामुळे दर मजकुरावर न ठेवता नगावर ठेवतात आणि त्यात वाया जाणारे कागदही धरतात. रंग उचलला गेलेल्या जागी वापरलेल्या रिबनवर प्रत्येक फोटोची उलटी छबी राहते आणि उजेडात धरली तर चेहरे ओळखू येतात. म्हणून दुकान आवरताना रिबन आहे तशी कचऱ्यात न टाकता कापून टाकतात आणि गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो फोनमधून पुसतात.